बर्फाच्या मुलखांतील चार प्रत्यय

आपल्याकडे पाहुणा दारांत आला, कीं त्याच्या हातापायांवर पाणी पडतें न पडतें तोंच घरांतील वडीलधारें माणूस त्यास पहिला प्रश्न विचारतें, "आपण मूळचे कोठले?" पाहुणा हल्लीं मुंबईस असो, नागपुरास असो, किंवा विलायतेहून कालच परतलेला असो, उत्तर देतांना तो आपल्या मूळ गांवाचेंच नांव घेतो, आणि त्या एका नांवाबरोबर त्याचें कुळ, कुलदैवत व आप्तसंबंध यांचा उलगडा होऊं लागतो. हा प्रश्न आपल्याच समाजाचा विशेष आहे, अशी आमची पुष्कळ दिवसांची समजूत होती. ती पृथ्वीच्या उत्तर टोंकाकडील एका गांवीं दूर झाली. आणि त्या प्रश्नाचें व्याकरण शिकतां शिकतां आम्हांस तेथील लोकांच्या सुखदुःखाचाही थोडासा परिचय घडला. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

कॅनडाची राजधानी ओटावा येथें आमचा पुतण्या नोकरीनिमित्त राहतो. त्याच्याकडे मुक्कामास गेलों असतां आम्हीं उत्तरेस इकालुइत या गांवीं जाऊन येण्याचें ठरविलें. ओटावाहून तेथें पोंचण्यास विमानानें सुमारें तीन तास लागतात. प्रथम खालीं दाट अरण्यें दिसतात. पुढें झाडें विरळ व खुजीं होत जातात, आणि शेवटीं झाड म्हणून कांहींच उरत नाहीं. खडक, तळीं, बर्फ आणि पुन्हां खडक. इकालुइत ही नुनावुत या प्रदेशाची राजधानी होय. हा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजीं वेगळा अस्तित्वांत आला. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २० लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सहापटींहून अधिक आहे. परंतु २०२१ च्या शिरगणतींत तेथील सारी वस्ती ३६,८५८ इतकीच भरली, व त्यांतील ७,४२९ माणसें एकट्या इकालुइतमधील होतीं. एवढ्या अफाट मुलखांत गांवें अवघीं पंचवीस, आणि त्यांतील एकाही गांवाहून दुसऱ्या गांवास जाणारा रस्ता नाहीं. विमानानें जावें, उन्हाळ्यांत समुद्रमार्गानें जावें, किंवा हिंवाळ्यांत गोठलेल्या समुद्रावरून बर्फगाडीनें जावें. खुद्द इकालुइतमध्यें एक रस्ता गांवाबाहेर पडतो आणि ओसाड टेकड्यांत जाऊन संपतो. त्यास लोकांनीं मोठ्या कौतुकानें 'कोठेंच न जाणारा रस्ता' असें नांव ठेविलें आहे.

आमच्या शाळेच्या भूगोलांत या लोकांस 'एस्किमो' म्हणत. हें नांव परक्यांनीं दिलेलें असून तेथील लोकांस तें आवडत नाहीं. ते आपणांस 'इनुइत' म्हणवितात. इनुइत म्हणजे माणसें. एक माणूस असेल तर 'इनुक', दोन असतील तर 'इनूक', आणि तीन किंवा अधिक असतील तर 'इनुइत'. 'देवः, देवौ, देवाः' घोकतांना ज्यांनीं बालपणीं डोळ्यांत पाणी आणलें आहे, त्यांस हें द्विवचन उत्तर ध्रुवाच्या शेजारीं भेटलेलें पाहून गंमत वाटेल. मराठीनें जें ओझें केव्हांच उतरून ठेविलें, तें हे लोक अजून सहज वागवीत आहेत. त्यांची भाषा ती 'इनुक्तितुत', म्हणजे 'इनुइतांसारखें', त्यांच्या रीतीनें बोललेलें. 'नुना' म्हणजे भूमि व 'वुत' म्हणजे आमची. म्हणून 'नुनावुत' याचा अर्थ 'आमची भूमि'.

आम्ही ज्या घरीं उतरलों होतों, तेथील बाई शाळेंत शिक्षिका होत्या. घरांत त्यांचे वृद्ध वडील, त्या स्वतः व त्यांचीं मुलें अशा तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत होत्या. म्हातारे गृहस्थ खिडकीशीं बसलेले असत. त्यांस इंग्रजी बेताचेंच येई. आम्ही आंत पाऊल टाकतांच त्यांनीं आम्हांकडे निरखून पाहिलें आणि विचारिलें, "नाकिङ्गाक्पित?"

बाई हंसून म्हणाल्या, "आपण कोठून आलांत, असें बाबा विचारतात. येथें प्रत्येक नवख्या माणसास हाच पहिला प्रश्न."

आम्हांस एकदम आपल्या घरच्या ओसरीची आठवण झाली. उत्तर देण्याची हौसही झाली. विमानांत एका पुस्तिकेंतून दोनतीन प्रत्यय पाठ केले होते, त्यांतील एक पुण्यास लावून आम्ही मोठ्या ऐटीनें म्हणालों, "पुणेमुत!" म्हातारे क्षणभर थांबले, मग खो खो हंसले. आम्हीं 'पुण्याहून' म्हणण्याऐवजीं 'पुण्याकडे' असें सांगितलें होतें. "आतांच आलांत आणि लगेच परत चाललांत? चहा तरी घ्या," असें त्यांचें म्हणणें बाईंनीं आम्हांस समजावून दिलें. त्या चहाबरोबरच आमचा पहिला धडा झाला.

त्या भाषेंत स्थळासंबंधीं मुख्य प्रत्यय चार आहेत. 'नुनामि' म्हणजे भूमीवर. येथें कांहीं हलत नाहीं, वस्तु आहे तेथेंच आहे. 'नुनामुत' म्हणजे भूमीकडे. 'नुनामित' म्हणजे भूमीपासून, भूमीवरून. आणि 'नुनाक्कुत' म्हणजे भूमीच्या वाटेनें, भूमि ओलांडून. असणें, जाणें, येणें आणि वाट, अशी ही चौकडी आहे. प्रश्नही त्याच क्रमानें चार आहेत. 'नानि' म्हणजे कोठें, 'नामुत' म्हणजे कोणीकडे, 'नाकित' म्हणजे कोठून, आणि 'नाउक्कुत' म्हणजे कोणत्या वाटेनें.

वाचक म्हणतील, यांत नवें तें काय? आपल्याही विभक्ति आहेत. खरें आहे, परंतु थोडें थांबून आपल्या बोलण्याकडे पाहावें. "तूं कोठें आहेस?" आणि "तूं कोठें चाललास?" या दोहोंतही आपण 'कोठें' हा एकच शब्द वापरतों, पहिला स्थिर माणसाविषयीं आहे व दुसरा चालत्या माणसाविषयीं आहे, हें क्रियापदावरून ओळखावयाचें. "तो घरांतून आला" आणि "तो गल्लींतून गेला" या दोन वाक्यांत 'ऊन' हा प्रत्यय एकच. पण पहिल्यांत घर हें निघण्याचें ठिकाण आहे, आणि दुसऱ्यांत गल्ली ही नुसती वाट आहे. मोरो केशव दामले यांचें मराठी व्याकरण १९११ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हांपासून आपले वैयाकरण विभक्तीचा प्रत्यय एक आणि तिचे अर्थ अनेक, या गोष्टीचा ऊहापोह करीत आले आहेत. इनुक्तितुतमध्यें हा घोंटाळा होत नाहीं. खिडकी जर वाट असेल तर 'इगालाक्कुत' म्हणावयाचें, म्हणजे खिडकीच्या वाटेनें. तेथें 'मित' चालावयाचें नाहीं.

ही 'क्कुत'ची वाट पुढें फार दूरवर गेली आहे. टेलिफोन आला तेव्हां त्यावरून बोलणें हेंही एका वाटेनें जाणेंच ठरलें. म्हणून 'उकालाउतिक्कुत' म्हणजे टेलिफोनवरून, आणि 'नालाउतिक्कुत' म्हणजे रेडिओवरून. 'मित'चा एक उपयोग मात्र आम्हांस अगदीं घरचा वाटला. 'माझ्याहून थोर', 'त्याहून लहान' असें म्हणतांना आपण जसा पंचमीचा 'हून' वापरतों, तसाच ते लोकही तुलनेंत 'मित' हाच प्रत्यय लावितात. ज्याच्याशीं तुलना करावयाची, त्यास मुक्कामाचें ठिकाण कल्पून तेथून अंतर मोजावयाचें, ही युक्ति दोन्ही समाजांस स्वतंत्रपणें सुचलेली दिसते.

गांवाचें नांव अनेकवचनी असेल तर प्रत्ययांचें रूप बदलतें. इकालुइत म्हणजे 'पुष्कळ मासे'. मासळीची जागा म्हणून गांवास तें नांव. तेव्हां 'मि, मुत, मित' यांच्या जागीं 'नि, नुत, नित' येतात. 'इकालुन्नि' म्हणजे इकालुइतमध्यें, 'इकालुन्नुत' म्हणजे इकालुइतकडे, आणि 'इकालुन्नित' म्हणजे इकालुइतहून. एवढ्यावर न थांबता ती भाषा याच रूपांस क्रियापद जोडून सबंध वाक्य एका शब्दांत गुंडाळते. 'इकालुन्नीत्तुंगा' म्हणजे मी इकालुइतमध्यें आहें. 'इकालुन्नूक्तुंगा' म्हणजे मी इकालुइतला जात आहें. आणि 'इकालुन्निङ्गाक्तुंगा' म्हणजे मी इकालुइतहून आलों आहें. आपल्याकडे जसे पुणेकर, नाशिककर, तसे तेथें 'इकालुम्मिउत', म्हणजे इकालुइतकर, आणि 'नुनावुम्मिउत', म्हणजे नुनावुतकर.

रस्ते नाहींत म्हणूनच भाषा अशी झाली, असें म्हणणें मात्र धाडसाचें होईल. रस्त्यांनीं भरलेल्या देशांतील भाषांतही असे प्रत्यय सांपडतात. तथापि त्या भाषेंत 'येथें' व 'तेथें' यांचे जे प्रकार आहेत, ते पाहिले म्हणजे उघड्या मुलखांत हिंडणाऱ्या माणसाची नजर ध्यानांत येते. 'उवानि' म्हणजे अगदीं या जागीं; 'मानि' म्हणजे येथें आसपास. 'इकानि' म्हणजे तेथें, बोट दाखवितां येईल अशा ठिकाणीं. 'अवानि' म्हणजे तिकडे, पसरलेल्या भागांत. 'पिकानि' म्हणजे तेथें वर, आणि 'कनानि' म्हणजे तेथें खालीं. या प्रत्येकास पुन्हां चार चाली आहेत. 'उवानि' येथें, 'उवुंगा' इकडे, 'उवांङ्गात' येथून, 'उवूना' इकडच्या वाटेनें. शिवाय आरंभीं 'ता' लागला, म्हणजे 'ज्याविषयीं आपलें बोलणें झालें तें ठिकाण' असा अर्थ होतो. 'ताइकानि' म्हटलें कीं ऐकणाऱ्यास 'तेंच तेथें' हें कळतें. आपले कोंकणांतील लोक 'वर घाटावर' आणि 'खालीं कोंकणांत' असें म्हणतात, तेव्हां डोंगराचा चढउतार त्यांच्या जिभेवर असतो. येथें तो प्रत्येक वाक्यांत असतो.

बाईंनीं एके दिवशीं आम्हांस गांवाबाहेर नेलें. बर्फावर जिभेच्या आकाराच्या लहान लहान कठीण वरवंड्या उठल्या होत्या. त्यांस 'उकालुराइत' म्हणतात. ठराविक दिशेच्या वाऱ्यानें त्या बनतात, आणि नवीन हिम पडलें तरी त्यांचें तोंड फिरत नाहीं. म्हणून धुकें दाटलें असतां जाणता प्रवासी पायाखालच्या या वरवंड्यांशीं आपल्या वाटेचा कोन जुळवीत घर गांठतो. त्यांची लिपीही दिशेवरच चालते. त्रिकोणाचें टोंक वर असेल तर 'पि', उजवीकडे असेल तर 'पु', आणि डावीकडे असेल तर 'पा'. अक्षर तेंच, नुसतें वळवावयाचें. स्वरहीन व्यंजन लहान करून वर लिहितात. ही लिपी मुळांत जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानें १८४० च्या सुमारास क्री लोकांसाठीं रचली. तिच्या घडणींत देवनागरीची छाया आहे, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. पुढें एडमंड पेक याच्या खटपटीनें ती या भागांतील इनुइतांत रुजली. इतक्या दूर आपल्या बाराखडीची सावली दिसावी, याचा आम्हांस मनांतून आनंद झाला, हें लपवीत नाहीं.

गांवापुढील आखात मोठें आहे, आणि भरतीओहोटींतील अंतर कधीं कधीं ३० फुटांहून अधिक असतें. १५७६ सालीं मार्टिन फ्रॉबिशर नांवाचा इंग्रज दर्यावर्दी येथें आला. त्यास आशियाखंडाकडे जाणारी उत्तरेची वाट हवी होती. हें आखात म्हणजे पलीकडे निघणारी सामुद्रधुनीच आहे, असें त्यानें मानिलें. 'क्कुत' म्हणून ज्यास त्यानें हांक मारिली, तें ठिकाण निव्वळ 'मुत' निघालें; वाट पुढें बंद होती. परततांना त्यानें एका इनुकास त्याच्या होडीसह पकडून लंडनला नेलें. तो माणूस तेथें थोड्याच दिवसांत मरण पावला. या मुलखांतून माणसें नेण्याची आणि परत न आणण्याची ती सुरुवात होती.

ही गोष्ट ऐकून आम्ही म्हटलें, "फार जुनी गोष्ट!" बाई कांहीं बोलल्या नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं आम्हांस नजीकच्या काळाची हकीकत सांगितली. १९५३ व १९५५ या सालीं कॅनडाच्या सरकारनें हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुकजुआक येथील कित्येक कुटुंबें सुमारें २,००० किलोमीटर उत्तरेस नेऊन वसविलीं. तेथें शिकार मुबलक आहे, आणि न आवडल्यास दोन वर्षांनीं परत आणूं, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. तेथें हिंवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य उगवत नाहीं, आणि ओळखीचें रान, ओळखीची शिकार यांतील कांहींच नव्हतें. त्या नव्या वसाहतींचीं नांवेंच बोलकीं आहेत. 'औसुइत्तुक' म्हणजे जेथें वितळत नाहीं, आणि 'काउसुइत्तुक' म्हणजे जेथें उजाडत नाहीं. दोन वर्षांचें वचन पाळलें गेलें नाहीं. कांहीं कुटुंबें परतलीं, तीं तीसपस्तीस वर्षांनीं; आणि सरकारनें क्षमा मागितली, ती २०१० सालीं.

म्हातारे आतांपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. लेकीचें बोलणें संपल्यावर ते सावकाश बोलूं लागले, व बाईंनीं तें आम्हांस सांगितलें. त्या काळीं दर उन्हाळ्यांत 'सी. डी. होव' नांवाचें सरकारी जहाज किनाऱ्याकिनाऱ्यानें येई. त्यावर डॉक्टर असत व क्ष-किरणांचें यंत्र असे. क्षयरोग वाढला होता, आणि ज्याच्या छातींत तो सांपडे, त्यास दक्षिणेंतील रुग्णालयांत नेण्यांत येई. अशा माणसास पुष्कळ वेळां किनाऱ्यावर उतरून निरोपही घेऊं देत नसत. म्हातारे चार वर्षांचे असतां त्यांची आई त्या जहाजावर चढली, ती उतरली नाहीं. पुढें एक दोन निरोप आले, मग तेही थांबले. ती वारली हें कळलें. कोठें पुरली हें कळलें नाहीं. उत्तरेंतील कितीतरी घरांची हीच कथा आहे. कॅनडाच्या पंतप्रधानांनीं ८ मार्च २०१९ रोजीं याच गांवीं येऊन त्याबद्दल क्षमा मागितली, आणि हरवलेल्या थडग्यांचा शोध घेण्याचें काम लोकांच्या हातीं आलें. त्या कामाचें नांव 'नानिलावुत', म्हणजे 'चला, त्यांना शोधूं या'.

"आणि तुमच्या आईचें?" आम्हीं भीतभीत विचारिलें.

"सांपडलें," म्हातारे म्हणाले. ओंटारिओ प्रांतांत हॅमिल्टन शहरीं तिची जागा निघाली. लेकीला व नातवंडांना घेऊन ते तेथें गेले. सत्तरीच्या म्हाताऱ्यानें चार वर्षांच्या मुलासारखें तिला हांक मारून सांगितलें, कीं आम्ही इकालुइतहून आलों आहों. एवढेंच. येतांना त्यांनीं तेथली मूठभर माती आणिली. ती कोठें ठेविली आहे, हें आम्हीं विचारिलें नाहीं.

अपादानाची व्याख्या करतांना पाणिनीनें सांगितलें आहे, कीं दोन वस्तूंचा वियोग होत असतां जी स्थिर राहते ती अपादान होय. झाडावरून पान पडतें, तेव्हां झाड राहतें. हें सूत्र आम्हीं विद्यार्थिदशेंत नुसतें पाठ केलें होतें. त्या रात्रीं आम्हांस वाटलें, कीं 'मित' हा प्रत्यय उच्चारावयास मागें एखादें झाड उभें असावें लागतें. माणसास कोठें नेलें हें सांगणारे पुष्कळ असतात. तो कोठला हें सांगणारें घर राहिलें पाहिजे.

हीच चिंता बाईंस भाषेविषयीं होती. नुनावुतमध्यें इनुइतांच्या भाषेच्या रक्षणाचा कायदा २००८ सालीं झाला. परंतु साऱ्या इयत्तांत ती शिकविण्यासाठीं शिक्षक पुरेसे नाहींत, आणि २०२० सालच्या दुरुस्तीनें ती मुदत २०३९ पर्यंत लांबली. बाईंचा धाकटा मुलगा आजोबांशीं इनुक्तितुत बोले; परंतु 'पिकानि' व 'कनानि' म्हणावयाच्या जागीं त्याच्या तोंडीं इंग्रजी 'तेथें' सहज येई. म्हातारे रागावत नसत. ते फक्त बोटानें टेकडी दाखवीत आणि थांबत; नातू मग योग्य शब्द घेई. आपल्याही घरांतून आजोबा आणि नातू यांच्यामध्यें हा खेळ चालू आहे, हें परदेशीं वाढणारीं मुलें ज्यांच्या घरीं आहेत त्यांस सांगावयास नको. आमच्या पुतण्याच्या कन्येस 'आजोळ' या शब्दाचा अर्थ समजावितांना आम्हांस अर्धा तास लागला होता.

निघण्याच्या दिवशीं म्हातारे दारापर्यंत आले. निरोपाचा त्यांचा शब्द 'ताव्वाउवुतित' असा आहे. तो त्यांनीं उच्चारिला, आणि मग डोळे मिचकावून पुन्हां तोच पहिला प्रश्न केला. या वेळीं आम्ही चुकलों नाहीं. "पुणेमित," आम्ही म्हणालों. त्यांनीं मान डोलविली आणि दुसरा प्रश्न घातला, "नामुत?" आतां कोणीकडे? आम्ही म्हणालों, "पुणेमुत." तेव्हां त्यांनीं आमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला व कांहीं बोलले. विमानतळाच्या वाटेवर आम्हीं त्याचा अर्थ विचारिला. बाई म्हणाल्या, "बाबा म्हणाले, दोन्हीं प्रश्नांस एकच गांव सांगतां येतें, तो माणूस भाग्यवान."